कुंडीतली भर बदलावी का?

झाडाची मुळे मातीत असतात, हे लहान पोरही सांगेल. पण एक झाड असे आहे, की त्याला कुंडीत माती भरून लावले तर ते जगत नाही. त्याची मुळे गुदमरतात, कुजतात आणि झाड मरते. त्या झाडाचे नाव ऑर्किड.

तुम्ही ते पाहिले असेल. शहरात लग्नाच्या मांडवात आणि पाहुण्यांना देण्याच्या गुच्छात जांभळी, पांढरी, टवटवीत फुले असतात. ती आठ-दहा दिवस सहज टिकतात. ती बहुधा ऑर्किडची फुले असतात.

नाव परके वाटते, पण झाड परके नाही. जगात ऑर्किडच्या २५,००० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या १,२०० हून अधिक आपल्या भारतात आहेत. मराठीत या झाडाला आमरी म्हणतात. कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात पावसाच्या तोंडी झाडाच्या फांदीवरून गुलाबी-पांढरा लांब तुरा लोंबताना दिसतो. त्याला आपण सीतेची वेणी म्हणतो. तीही आमरीच. आसामात बायका बिहूच्या सणाला हेच फूल केसांत माळतात. ते आसामचे राज्यफूल आहे.

कोणी आमरीला बांडगूळ समजतात. ते बरोबर नाही. बांडगूळ ज्या झाडावर वाढते त्याच झाडाचा रस पिते. आमरी फांदीवर नुसती बसते. ती बिऱ्हाड करते, पण घरधन्याच्या ताटातले खात नाही. आमरीच्या काही जाती जमिनीतही वाढतात. पण घरात लावायची बहुतेक ऑर्किडे ही झाडावर बसणाऱ्या जातींची आहेत.

मग माती नको, तर कुंडीत भरायचे काय? कोळसा, विटांचे तुकडे, नारळाचे सोडण, असे काहीतरी भरतात. त्याला आपण इथे ‘भर’ म्हणू. ही भर बदलावी की नाही, यावरून एका घरात वाद झाला. त्याचीच ही हकीकत.

पिशवी घरी आली

मुंबईच्या उपनगरात, बोरिवलीला, एक कुटुंब राहते. गाव रत्नागिरीकडचे. नवरा कारखान्यात जातो. बाई घर सांभाळते आणि गॅलरीत ऑर्किडच्या बारा कुंड्या सांभाळते. लहान रोपे घ्यायची, दोन-अडीच वर्षे वाढवायची, आणि फुलावर आली की विकायची. पैसा फार नाही. पण मुलीच्या शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघतो. म्हणून बाईचा जीव त्या कुंड्यांत.

होळीच्या सुमारास धाकटा दीर घरी आला. हातात मोठी पिशवी. पिशवीत वाळलेले, पिवळट, मऊ गवतासारखे काहीतरी.

तो म्हणाला, “वहिनी, हे मॉस. शेवाळाचीच एक जात. परदेशातून येतं. दुकानदार म्हणाला, कोळसा आता जुना झाला. सगळ्या कुंड्या यात बदला. फुलं दुप्पट येतील.”

वहिनी म्हणाली, “भावोजी, झाडं तर बरी दिसतात. मग बदलायची कशाला?”

“सगळे बदलतात म्हणून! मी पैसे मोजून आणलंय.”

वहिनीला काय करावे कळेना. पैसे तर गेलेच होते. उद्या झाडे मेली तर तीन वर्षांची मेहनतही जाईल. तिने खालच्या मजल्यावरच्या माळीकाकांना विचारले. माळीकाका आता थकले आहेत. चाळीस वर्षे त्यांनी बागकाम केले.

काका म्हणाले, “पोरी, आधी माझी गोष्ट ऐक. अंधेरीला एका बंगल्यात मी कामाला होतो. चाळीस कुंड्या होत्या, सगळ्या कोळशावर. मालकांनी कुठंसं ऐकलं आणि नवी भर आणली. भर चांगली होती, खोटं का बोलू? मी ऐन जुलैत सगळ्या कुंड्या एका दमात बदलल्या. आणि पाणी? पाणी जुन्याच हातानं घालत राहिलो. कोळशाला रोज लागायचं, म्हणून यालाही रोज. दिवाळीला नऊ कुंड्या उरल्या. माझं काम गेलं. दोष भरीचा नव्हता. भर बदलली, पण हात बदलला नाही.”

मूळ काय मागते?

दुसऱ्या दिवशी काकांनी एक कुंडी हातात घेतली. बाहेर लोंबणारे एक मूळ दाखवले. मूळ जाड होते, चंदेरी-पांढरे होते. काकांनी त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. बघता बघता मूळ हिरवे झाले.

“हे कसं झालं?” दिराने विचारले.

ऑर्किडच्या मुळाला बाहेरून एक पांढरे आवरण असते. ते स्पंजासारखे असते. पाऊस पडला की ते पाणी झटकन पिऊन घेते. मग आतला हिरवा रंग दिसू लागतो. पाणी संपले की आवरणात हवा भरते, आणि मूळ पुन्हा चंदेरी दिसते. म्हणजे मूळ आपल्याशी बोलतेच. हिरवे आहे तर ओले आहे, पाणी नको. चंदेरी आहे तर वाळले आहे, पाणी चालेल.

शेतकऱ्याला वाफसा ठाऊक असतो. पावसानंतर रान चिखल असते. तेव्हा पेरत नाहीत. पार कोरडे झाले तरी पेरत नाहीत. ओल आहे आणि मातीत हवाही खेळते आहे, अशा वेळी वाफसा आला म्हणतात. ऑर्किडच्या मुळाला असा वाफसाच हवा असतो. त्यातही ओलीपेक्षा हवा जास्त लागते. पाणी दोन दिवस नाही मिळाले तरी ते तग धरते. हवा नाही मिळाली तर ते कुजते.

म्हणून कोणतीही भर घ्या, तिची दोनच कामे. झाड उभे धरायचे, आणि मुळापाशी ओल व हवा दोन्ही ठेवायची. भरीतून झाडाला फारसे खायला मिळत नाही. भर म्हणजे जेवण नव्हे. भर म्हणजे अंथरूण.

झाडावर कोणती भर असते?

बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. शंभर चौरस किलोमीटरहून थोडे मोठे रान आहे ते. एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड. मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार हे तलाव याच भागात आहेत. एका रविवारी काका दोघांना तिथे घेऊन गेले. एका झाडाच्या फांदीवर आमरी होती. काकांनी विचारले, “सांगा, हिच्या मुळाशी काय भरलंय?”

दीर म्हणाला, “काहीच नाही. मुळं सालीला चिकटलीत.”

“आणि पाऊस किती पडतो?”

सांताक्रूझच्या वेधशाळेत पाऊस मोजतात. तिथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ या एका दिवसात तर ९४४ मिलिमीटर पडला होता. एवढ्या पावसात फांदीवरची आमरी कुजत नाही. का? कारण पाणी सालीवरून वाहून जाते. वारा लागतो. पाऊस थांबला की मूळ काही तासांत वाळते. पाणी भरपूर, पण साचत नाही. मग पुढचे महिने पाऊस नसतो, तेव्हा ती पहाटेच्या दवावर आणि आपल्या जाड पानांतल्या, कांड्यांतल्या साठ्यावर तग धरते.

दिराचा हात फांदीकडे गेला. काकांनी तो धरला. “अंहं! इथलं पानसुद्धा न्यायचं नाही.” राष्ट्रीय उद्यानातून झाडे काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. शिवाय रानातली आमरी उपटून आणली तर घरी बहुधा मरते. रानही जाते आणि झाडही जाते. नर्सरीत वाढवलेले रोपच घ्यावे.

जसा देश तशी भर

ही चूक फक्त आपल्याकडेच होते असे नाही. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात ऑर्किडचे मोठे वेड होते. लोक हजारो झाडे जहाजांतून नेत. उष्ण देशातले झाड म्हणून त्यांना बंद, गरम काचघरात कोंडत. झाडे मरत. १८३५ साली गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला तिथल्या एका उमरावाने आपल्याकडच्या खासी डोंगरात पाठवले. त्याने शंभरावर जातींची ऑर्किडे नेली. त्याचे वरिष्ठ माळी पॅक्स्टन यांनी काचघरात मोकळी हवा येऊ दिली, उष्णता कमी केली. तिथे झाडे जगली. हवा हवी, हा धडा असा महागात पडून मिळाला.

पुढे प्रत्येक देशाने आपल्याजवळ जे होते ते भरले. अमेरिकेत देवदाराच्या जातीच्या झाडांची साल स्वस्त, म्हणून तिथे साल. थायलंडात नारळ मुबलक, म्हणून तिथे नारळाचे सोडण. न्यूझीलंड आणि चिली या देशांत मॉस होते, म्हणून तिथून मॉस येते. आपल्या उपनगरांत कोळसा आणि विटा वापरात आल्या, त्यालाही कारण आहे. आपला पाऊस.

आता एकेका भरीचा स्वभाव पाहू.

कोळसा आणि विटांचे तुकडे. हे कुजत नाहीत. पाणी पटकन खाली जाते. पावसात उघड्यावर कुंडी टांगली तरी भीती कमी. पण एप्रिल-मे महिन्यांत लवकर वाळतात, रोज पाणी लागते. खताचे आणि पाण्यातले क्षार त्यांवर साचतात. पांढरी पुटे दिसतात. महिन्यातून एकदा भरपूर साधे पाणी ओतून ती धुवावीत. पालिकेचे पाणी तलावांचे, ते बरे असते. बोअरिंगच्या पाण्याने पुटे लवकर चढतात.

नारळाचे सोडण. हे ओल मध्यम धरते. स्वस्त आहे, घरचे आहे. पण दोन-तीन वर्षांत कुजते. मग त्याचा भुसा होतो आणि हवा कोंडते. वापरण्याआधी काही दिवस पाण्यात भिजवावे. रोज पाणी बदलावे. तांबडे पाणी निघायचे थांबले की वापरावे. सोडणाचे तुकडेच घ्यावेत. काथ्याचा बारीक भुसा, ज्याला कोकोपीट म्हणतात, तो एकटा भरू नये. तो चिखलासारखा दाबून बसतो.

मॉस. हे आपल्या वजनाच्या अनेक पट पाणी धरते. कोरड्या जागी, घरात, लहान रोपांना चांगले. पण उघड्या पावसात ते आठवडा आठवडा वाळत नाही. दाबून भरले तर अधिकच वाईट.

मग नर्सरीतली कितीतरी झाडे मॉसमध्येच का येतात? कारण मोठ्या नर्सरीत डोक्यावर छप्पर असते, पाणी मोजून देतात, आणि प्रवासात झाड वाळू नये अशी सोय लागते. त्यांना ते सोयीचे. आपल्या गॅलरीला ते सोयीचे असेलच असे नाही.

बारा कुंड्यांची तपासणी

काका म्हणाले, “भर जुनी की नवी, हे दुकानदाराला विचारू नका. मुळाला विचारा.” मग तिघे बसले आणि एकेक कुंडी पाहिली.

आधी पान पाहिले. मग बाहेरची मुळे. मग कुंडी नाकाजवळ नेली. चांगल्या भरीला रानातल्या ओल्या लाकडासारखा वास येतो. कुजलेल्या भरीला आंबूस वास येतो. मग उदबत्तीची जुनी काडी भरीत खोचली आणि थोड्या वेळाने काढली. काडी ओली निघाली तर आत ओल आहे. शेवटी शंका आली त्याच कुंडीतले झाड हळूच काढून मुळे चाचपली. चांगले मूळ कडक लागते. मेलेले मूळ पिकल्या केळ्यासारखे दबते, किंवा पोकळ होऊन आतली दोरी तेवढी हाताला येते.

आठ कुंड्या कोळसा-विटांवर होत्या. गॅलरीच्या जाळीला टांगलेल्या, पावसाच्या माऱ्यात. मुळे चंदेरी, टोके हिरवी. काका म्हणाले, “यांना हातही लावू नका. झाड सुखात आहे. त्याचं अंथरूण काढून घेऊ नका.”

तीन कुंड्या सोडणावर होत्या. तीन वर्षे झालेली. सोडण हाताने चुरत होते. आंबूस वास. निम्मी मुळे मऊ. “या बदलायच्या. पण मॉसवर नाही. ताजं सोडण आणि थोडा कोळसा. झाडाला ज्याची सवय आहे तेच, पण ताजं.”

बारावी कुंडी नवी, रुंद पानांची. फॅलेनॉप्सिस म्हणतात तिला. नर्सरीतून मॉसमध्येच आली होती. घरात खिडकीपाशी होती आणि तिला फुले होती. “हिची फुलं गळू दे. तोवर पाणी कमी. मग बघू.”

दिराचे तोंड उतरले. “म्हणजे माझी पिशवी वाया?”

“वाया का? करून बघू. पण सगळ्यांवर नको. या आठांतली एक कुंडी घे, तिला लाल दोरा बांध आणि मॉस भर. जवळच तशीच दुसरी कोळशावर राहू दे. आणि तू वाढवायला आणलेलं ते लहान रोप घरात आहे ना? त्यालाही मॉस दे. पाऊस सरला की निकाल आपोआप कळेल.”

बदलायचे तर कसे?

सवयीची भर बदलली की काही जुनी मुळे मरतात. कोळशावर वाढलेल्या मुळाला मॉसची ओल सोसत नाही. झाड मग नव्या जागेला साजेशी नवी मुळे काढते. म्हणून नवी मुळे निघायच्या वेळीच भर बदलावी. फुले गळून गेली, बुडाशी नवा कोंब आला, आणि कोंबाला बोटाच्या पेराएवढी हिरव्या टोकाची मुळे दिसू लागली, की वेळ आली. मुळे फार लांबली तर हाताळताना मोडतात. ऐन पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, भर बदलू नये. कापलेल्या मुळांतून कूज शिरते.

कात्री आधी जाळावर तापवून गार करून घ्यावी. प्रत्येक झाडागणिक पुन्हा तापवावी. नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला जातो. मेलेली मुळे तेवढी कापावी. झाडापेक्षा फार मोठी कुंडी घेऊ नये. मोठ्या कुंडीत मधला गाभा ओलाच राहतो. झाड हलू नये म्हणून काडीला सैल बांधावे. नंतर आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे, पाणी बेताने द्यावे. महिनाभर खत देऊ नये.

दसऱ्याला काय दिसले?

पाऊस आला आणि गेला. दसऱ्याच्या सुमारास तिघे पुन्हा गॅलरीत जमले.

कोळशावरच्या सात कुंड्या मजेत होत्या. ताज्या सोडणावरच्या तीन कुंड्यांना नवी मुळे फुटली होती. त्यांना या वर्षी फूल येईल असे नव्हते, पण त्या वाचल्या होत्या. लाल दोऱ्याची कुंडी मात्र काळवंडली होती. जाळीबाहेरचा पाऊस तिच्यावर महिनोन्महिने पडला होता. मॉस कधी वाळलेच नाही. नवा कोंब कुजला. आणि घरातले लहान रोप? तेच मॉस, तोच माणूस, पण छपराखाली. त्याला दोन नवी पाने आली होती.

रुंद पानांच्या बाराव्या कुंडीची फुले उन्हाळ्यातच गळाली होती. बुडाशी नवी मुळे दिसताच वहिनीने तिची भर काढून पाहिली. मॉस मध्ये घट्ट दाबलेले होते आणि आतली मुळे मऊ पडली होती. तिने ती सोडण-कोळशावर नेली. तीही सावरत होती.

दीर म्हणाला, “काका, मॉस वाईट नाही. माझी जागा चुकली.”

वहिनी म्हणाली, “भावोजी, सगळ्या बारा बदलल्या असत्या तर?”

कोणी बोलले नाही. एक कुंडी गेली होती. अकरा उरल्या होत्या, आणि रोप बारावे झाले होते.

ध्यानात ठेवा

१. झाड सुखात असेल तर भर बदलू नका. दुसऱ्याने बदलली, एवढे कारण पुरत नाही.

२. भर कुजली, आंबूस वास आला, मुळे मऊ पडली, किंवा झाड कुंडीत मावेना, तर बदला.

३. आपली जागा पाहा. पावसात टांगलेल्या कुंडीला पाणी न धरणारी भर, घरातल्या कोरड्या जागी ओल धरणारी भर.

४. भर बदलली की पाणी घालण्याची रीतही बदला. काडी खोचून पाहा, मगच पाणी घाला.

५. नवी गोष्ट आधी एका कुंडीवर करून पाहा. एक पावसाळा थांबा. मग ठरवा.

शेतकरी नवे बियाणे आणतो, तेव्हा सगळ्या रानात पेरत नाही. एका वाफ्यात पेरून पाहतो. नवे ते टाकून द्यायचे नाही, आणि डोळे मिटून घ्यायचेही नाही. हाच शहाणपणा गॅलरीतल्या कुंडीलाही लागू आहे.